एकच बिलिंग सॉफ्टवेअर आठ दुकानांना कसं विकायचं? इनहेरिटन्स कुठे वापरायचा आणि कुठे थांबायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या सॉफ्टवेअरच्या धंद्याबद्दल बोललो. फळ्यावर जे घाईघाईत उरकलं, ते इथे निवांत लिहितोय. ज्यांनी कॉलेजात किंवा क्लासला जावा, पायथॉन, सी-शार्प यापैकी काहीतरी शिकलंय आणि आता आपल्या गावात सॉफ्टवेअर विकायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्वतः कोड लिहीत नसाल, पण पैसे देऊन लिहून घेणार असाल, तरी वाचा. तुमच्यासाठी शेवटी वेगळं सांगितलंय.

समजा तुम्ही तालुक्याच्या गावात एका किराणा दुकानाला बिलिंग सॉफ्टवेअर करून दिलं. छान चाललं. शेजारच्या मेडिकलवाल्याने बघितलं, म्हणाला मलाही द्या, फक्त बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहिजे. तुम्ही काय करता? फोल्डर कॉपी, पेस्ट, नाव "बिलिंग मेडिकल". मग हॉटेलवाला येतो, त्याला टेबल नंबर आणि केओटी पाहिजे. परत कॉपी, पेस्ट. वर्षभरात आठ दुकानं आणि आठ फोल्डर, त्यातल्या एकाचं नाव "बिलिंग फायनल नवीन २". आपल्याकडे हा प्रकार घरोघरी आहे, हसू नका.

पैसे येत असतात म्हणून तोवर काही जाणवत नाही. मग येते २२ सप्टेंबर २०२५ सारखी तारीख. जीएसटीच्या १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ वर आल्या, आणि आठही दुकानदारांना त्याच सकाळी बिल बरोबर हवं होतं. ज्याच्याकडे आठ कॉप्या, त्याला आठ ठिकाणी बदल. आणि त्या आठ कॉप्या आता एकसारख्याही राहिलेल्या नसतात, प्रत्येकीत मधल्या काळात काहीतरी वेगळं जोडलेलं असतं. दुकानदार वार्षिक देखभालीचे पैसे देतो ते अशाच दिवसासाठी. तुमचा नफा त्या एका दिवसात राहतो किंवा जातो.

(दर कोडमध्ये लिहायचेच नसतात, ते तक्त्यात ठेवायचे, आणि तेही "या तारखेपासून हा दर" असे. दर बदलायच्या आधी विकलेला माल ग्राहकाने नंतर परत आणला तर क्रेडिट नोटला जुन्याच बिलाचा दर लागतो. पण आज आपला विषय दर नाही, दर लावणारा कोड किती ठिकाणी आहे, हा आहे.)

वारसा म्हणजे नेमकं काय?

इनहेरिटन्स म्हणजे वारसा. एक पेरेंट क्लास, त्याचे चाइल्ड क्लास. वडिलांकडे जे आहे ते मुलाला आपोआप मिळतं, आणि मुलगा हवं तिथे आपली पद्धत लावतो. ही कल्पना नॉर्वेतली. ओल-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी ऑस्लोमध्ये सिम्युला ६७ ही भाषा बनवली, त्यात क्लास आणि वारसा पहिल्यांदा आले. जावा, सी-शार्प, पीएचपी, सगळे त्याच घराण्यातले.

पुढे १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं "डिझाइन पॅटर्न्स" हे पुस्तक आलं. त्यात २३ पॅटर्न आहेत. पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीवरचा, वापरून सिद्ध झालेला उपाय. इंटरव्ह्यूच्या तयारीत मुलं हे २३ पाठ करतात. तुम्हाला धंदा करायचाय, पाठ करू नका. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: त्या २३ पैकी फक्त चारच पॅटर्न क्लासच्या वारशावर उभे म्हणून त्या पुस्तकात दाखवलेत. टेम्प्लेट मेथड, फॅक्टरी मेथड, इंटरप्रिटर, आणि अडॅप्टरचा एक प्रकार. बाकीच्यांत वारसा अजिबात नसतो असं नाही, पण त्यांचा मुख्य भार एका ऑब्जेक्टला दुसरा ऑब्जेक्ट जोडण्यावर आहे. वारसा शिकवताना हे कुणी सांगत नाही. क्लासमध्ये "प्राणी, मग कुत्रा, मग मांजर" असं शिकवतात आणि मुलगा बाहेर पडतो तो प्रत्येक गोष्टीला मुलं-नातवंडं काढत सुटतो.

बिलिंगसाठी त्या चारातले दोन पुरतात. इंटरप्रिटर आणि अडॅप्टर विसरा.

पायऱ्यांना कुलूप

पहिला टेम्प्लेट मेथड. दुकान कुठलंही असो, बिल बनवायच्या पायऱ्या आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. तो क्रम पेरेंटमध्ये एकदाच लिहायचा आणि त्याला कुलूप लावायचं. ज्या पायऱ्या दुकानागणिक बदलतात, तेवढ्याच मोकळ्या ठेवायच्या. मराठीत लिहिलं तर असं दिसेल:

क्लास बिल
— बिल_बनव (कुलूप)
—— ओळी_तयार_कर (मोकळी)
—— ओळी_तपास (मोकळी)
—— सूट_वजा_कर
—— कर_काढ
—— राउंड_ऑफ_कर
—— नंबर_दे
—— साठा_कमी_कर (मोकळी)
—— छाप

आता मेडिकलबिल हा चाइल्ड क्लास फक्त मोकळ्या पायऱ्या भरतो. ओळी_तपास मध्ये एक्स्पायरी उलटलेली बॅच असेल तर बिल अडवतो. शेड्यूल एच-वन मधलं औषध असेल तर डॉक्टर आणि रुग्णाचं नाव विचारतो, कारण त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपावी लागते. किराणाबिलला यातलं काही माहीतच नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. दोघेही सूट, कर, नंबर यांना हात लावत नाहीत.

कुलूप कशाला, असं वाटेल. आकडे बघा. माल १००० रुपयांचा, सूट १० टक्के, जीएसटी १८ टक्के. बिलावर दाखवलेली सूट आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर कर लागतो. म्हणजे ९००, त्यावर कर १६२, एकूण १०६२. आता तुमच्याकडे कामाला लागलेल्या नवीन मुलाने एका दुकानासाठी क्रम उलटा केला: आधी १००० वर १८० कर, झाले ११८०, मग १० टक्के सूट म्हणजे ११८ वजा. एकूण? तेच १०६२! ग्राहक भांडत नाही, गल्ला जुळतो, कुणाला काही कळत नाही. पण बिलावर कर लिहिलाय १८०, आणि दुकानदार सरकारला १६२ ऐवजी १८० भरतोय. दर बिलामागे १८ रुपये खिशातून. दिवसाला अशी ४० बिलं झाली तर ७२० रुपये. सीएने वर्षअखेरीला हे काढलं की दुकानदाराचा फोन कुणाला येणार?

म्हणून क्रम हा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचा नाही. नंबरचंही तसंच. बिलाचा नंबर सलग हवा, एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. ओळी तपासायच्या आधीच नंबर देऊन टाकला आणि मग एक्स्पायरीमुळे बिल अडलं, तर मालिकेत भोक पडतं. तपासणी आधी, नंबर नंतर. हा निर्णय एकदा घ्यायचा, आठदा नाही.

जावात एखाद्या मेथडला "फायनल" लिहिलं की चाइल्ड तिला बदलू शकत नाही. न लिहिलं तर साधारण कुठलीही मेथड बदलता येते, म्हणजे जावात दार उघडं असतं आणि कुलूप तुम्ही लावायचं. सी-शार्पमध्ये उलटं: "व्हर्च्युअल" लिहिल्याशिवाय दार बंदच. मला विचाराल तर धंद्याच्या कोडसाठी सी-शार्पची सवय बरी. पायथॉनमध्ये चालताना अडवणारं कुलूप नाही, तिथे शिस्त आणि टेस्ट यांवरच भागवावं लागतं.

हा पॅटर्न तुम्ही नकळत वापरलेला असणार. जावा सर्व्हलेटमध्ये "डूगेट", "डूपोस्ट" लिहिता, पण त्यांना बोलावतं कोण? पेरेंटमधली "सर्व्हिस" मेथड. पायथॉनच्या युनिटटेस्टमध्ये "सेटअप" तुम्ही लिहिता, कधी चालवायचं ते पेरेंट ठरवतो. याला गमतीने हॉलिवूडचा नियम म्हणतात: तुम्ही आम्हाला फोन करू नका, गरज लागली की आम्हीच करू.

एक बारीक गोष्ट. काही जण मोकळी पायरी ठेवत नाहीत, चाइल्डला सांगतात की मेथड बदल, पण आधी "सुपर" बोलाव, म्हणजे वडिलांचं काम करून मग आपलं कर. हे विसरलं जातं. अँड्रॉइडवाल्यांना माहितीये, "ऑनक्रिएट" मध्ये सुपर विसरलात तर ॲप तिथेच कोसळतं. अँड्रॉइड निदान ओरडतं तरी, तुमचं बिलिंग ओरडणार नाही, गुपचूप चुकीचं चालेल. त्यापेक्षा वडिलांनी आपलं काम स्वतः करावं आणि मुलासाठी वेगळी मोकळी पायरी ठेवावी, जिच्यात सुपर बोलवायची गरजच नाही. आणि जी पायरी भरलीच पाहिजे ती "ॲबस्ट्रॅक्ट" करा. न भरता चाइल्ड वापरायला गेलात तर भाषाच तुम्हाला अडवेल, ग्राहकाच्या काउंटरपर्यंत गोष्ट जाणार नाही.

दुसरा पॅटर्न फॅक्टरी मेथड, तो आपण वापरूनही टाकला. ओळी_तयार_कर ही पायरी बघा. बिलात ओळ पाहिजे हे वडिलांना माहीत आहे, पण ती कुठल्या जातीची ओळ, हे मुलगा ठरवतो. किराणाची ओळ म्हणजे माल, वजन, भाव. मेडिकलची ओळ म्हणजे बॅच आणि एक्स्पायरीसकट. हॉटेलची ओळ टेबल आणि केओटी नंबरसकट. वडील म्हणतात "ओळी आण", मुलगा आपल्या पद्धतीच्या आणतो. वस्तू बनवायचा निर्णय मुलावर सोपवला, झाला फॅक्टरी मेथड. नाव मोठं, काम एवढंच.

दिसायला बिल, पण बिल नाही

आता खड्डे. पहिला खड्डा मला सगळ्यात महाग वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

दुकानदार म्हणतो, "कोटेशन पण द्यायचंय, अगदी बिलासारखंच दिसलं पाहिजे." तुम्ही विचार करता, सोपं आहे: कोटेशन हा बिलचा चाइल्ड. साठा_कमी_कर ही पायरी रिकामी ठेवली, कारण कोटेशन दिल्याने माल जात नाही. छापून बघितलं, झकास. दुकानदार खूश.

महिनाअखेरीला विक्रीचा रिपोर्ट काढायचा. रिपोर्टचा कोड काय करतो? सगळी बिलं घेतो, बेरीज करतो. कोटेशन पण "बिल" आहे ना, तेही आलं बेरजेत! तोच आकडा जीएसटीआर-१ मध्ये गेला तर न झालेल्या विक्रीवर कर दाखवला. शिवाय कोटेशनने बिलाचे नंबर खाल्ले ते वेगळंच.

मग आपण काय करतो? रिपोर्टमध्ये एक अट घालतो: "कोटेशन असेल तर सोडून दे." मग थकबाकीच्या यादीत तीच अट. मग बॅकअपमध्ये. जिथे जिथे बिल वापरलंय तिथे तिथे "पण कोटेशन नसेल तर". अशा अटी दिसायला लागल्या की समजा, वारसा चुकलाय.

अमेरिकेच्या संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात हा मुद्दा मांडला, पुढे त्यांना २००८ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत असा: जिथे वडील चालतात तिथे मुलगा न सांगता चालला पाहिजे, समोरच्याला फरक कळता कामा नये. कोटेशन बिलाच्या जागी चालत नाही. म्हणून ते बिलाचं मूल नाही, चेहरा कितीही सारखा असो.

इथे एक शंका येईल. हॉटेलात प्लेटभर भजी विकली तर "भजी" असा साठा नसतोच, म्हणजे हॉटेलबिलची साठा_कमी_कर पायरीसुद्धा रिकामीच. मग ते चालतं आणि कोटेशन का नाही? कारण हॉटेलचं बिल ही विक्रीच आहे. पैसे आले, कर लागला, नंबर लागला. बिलाकडून बाकी सगळ्यांची जी अपेक्षा आहे ती ते पूर्ण करतं. पायरी रिकामी आहे की भरलेली, यावर काही ठरत नाही.

मग कोटेशन आणि बिल सारखं कसं छापायचं? छपाईचा भाग वेगळा काढा, दोघांनाही तो वापरू द्या. सारखा शर्ट घालायला सख्खे भाऊ असावं लागत नाही.

२७ की ९?

दुसरा खड्डा संख्येचा. तीन प्रकारची दुकानं: किराणा, मेडिकल, हॉटेल. इथपर्यंत वारसा ठीक. पण जीएसटीच्या हिशेबाने दुकानदारही तीन प्रकारचे. कुणी रेग्युलर, त्याचं टॅक्स इनव्हॉइस. कुणी कॉम्पोझिशन योजनेत, तो ग्राहकाकडून कर घेऊच शकत नाही, त्याचं "बिल ऑफ सप्लाय" असतं आणि त्यावर आपण कॉम्पोझिशनमधले आहोत, कर घ्यायला पात्र नाही, असं लिहावं लागतं. कुणाची उलाढाल मर्यादेखाली, त्याची नोंदणीच नाही. आणि प्रिंटर? दोन इंची थर्मल, तीन इंची थर्मल, ए-फोर.

सगळं वारशाने करायला गेलात तर "मेडिकल कॉम्पोझिशन दोन इंची बिल" असले क्लास जन्माला येतात. ३ गुणिले ३ गुणिले ३, झाले २७. कुणी म्हणालं व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाहिजे, झाले ३६. हेच तुम्ही तुकडे करून जोडले तर ३ अधिक ३ अधिक ३, म्हणजे ९. पीडीएफ आलं तर १०.

म्हणजे असं: बिलच्या आत एक "कर" नावाचा ऑब्जेक्ट आणि एक "छपाई" नावाचा ऑब्जेक्ट ठेवायचा. कर_काढ ही पायरी स्वतः काही मोजत नाही, आतल्या कर-ऑब्जेक्टला विचारते. तिथे रेग्युलरवाला बसवा, कॉम्पोझिशनवाला बसवा, पायरीला फरक पडत नाही. मिक्सरला जसं चटणीचं भांडं किंवा ज्यूसचं भांडं लावता, मोटर तीच. पॅटर्नच्या पुस्तकात याला स्ट्रॅटेजी म्हणतात, आणि त्याच चौघांनी पुस्तकाच्या सुरुवातीला सल्ला दिलाय की वारशापेक्षा अशा जोडणीला आधी पसंती द्या. इंग्रजीत या जोडणीलाही कॉम्पोझिशनच म्हणतात. जीएसटीच्या कॉम्पोझिशनशी तिचा काडीचा संबंध नाही, म्हणून मी आपला जोडणी म्हणतो.

मग कुठे वारसा आणि कुठे जोडणी? माझी कसोटी साधी आहे, मी तिला एक एप्रिलची कसोटी म्हणतो. विचारा: ही गोष्ट या ग्राहकाच्या आयुष्यात उद्या बदलू शकते का? मेडिकलवाला उद्या सकाळी हॉटेलवाला होत नाही. झालाच तर नवीन दुकान, नवीन हिशेब. तिथे वारसा चालेल. पण कॉम्पोझिशनवाला नवीन आर्थिक वर्षात रेग्युलर होऊ शकतो. एवढंच काय, उलाढाल दीड कोटीच्या वर गेली तर वर्षाच्या मध्येच, त्याच दिवशी त्याला योजनेतून बाहेर पडावं लागतं. सकाळचं बिल ऑफ सप्लाय आणि संध्याकाळचं टॅक्स इनव्हॉइस! प्रिंटर तर कधीही बिघडतो. माणसाला आई-बाप बदलता येत नाहीत, कपडे बदलता येतात. जे बदलणार ते कपड्यात ठेवा. नाहीतर दुकानदाराची उलाढाल वाढली या आनंदाच्या बातमीला तुम्हाला त्याचा क्लास बदलायला धावावं लागेल.

परमिट रूमचं गिऱ्हाईक घेणार असाल तर आणखी एक. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिला राज्याचा व्हॅट. एकाच टेबलाच्या बिलात जेवणाला एक कर आणि पेयाला दुसरा. कर बिलाला एक न जोडता ओळीला जोडलेला असेल तर हे जमतं. वारशात कोंबलेला असेल तर रात्र जागवतो.

वडिलांनी कूस बदलली तर

तिसरा खड्डा थोडक्यात. पेरेंटमध्ये केलेला बदल सगळ्या मुलांना लागतो. हाच फायदा आणि हाच धोका. समजा एका चाइल्डने कधीकाळी आपल्यापुरतं राउंड ऑफ केलं होतं आणि आज तुम्ही ते पेरेंटमध्ये आणलं. त्या एका दुकानात आता दोनदा राउंड ऑफ होतंय. याला घाबरून पेरेंटला हात लावायचा नाही असं करू नका. प्रत्येक दुकानाची वीस-पंचवीस जुनी खरी बिलं बाजूला काढून ठेवा: सूटवालं, परत आलेलं, पैशात राउंड झालेलं, सगळी तऱ्हा. पेरेंट बदलला की ती पुन्हा चालवायची आणि प्रत्येक आकडा जुन्याशी जुळवायचा. आठ दुकानांचं मिळून हे काम कॉम्प्युटर मिनिटभरात करतो. आणि वारसा एका पिढीवर थांबवा. नातवंडं फार तर एखाद्या ठिकाणी. पणतू दिसला की डिझाइन परत बघा.

आठ कॉप्या आधीच असतील तर

सगळं पाडून नव्याने लिहायला बसू नका. चालतं दुकान बंद ठेवून नवीन बांधत नाहीत. सगळ्यात सारख्या दोन कॉप्या निवडा, गिटमध्ये समोरासमोर लावून फरक बघा. जे सारखं निघेल ते पेरेंटमध्ये न्या, जे वेगळं ते मोकळ्या पायरीत. वीस बिलांची परीक्षा घ्या, त्या दोन दुकानांना द्या, महिनाभर चालू द्या. मग तिसरी कॉपी.

आणि नवीन सुरुवात करणाऱ्यांनो, पहिल्या ग्राहकालाच पेरेंट-चाइल्ड करत बसू नका. एकाच दुकानावरून काय समान आणि काय वेगळं, हे कळूच शकत नाही, तुम्ही फक्त अंदाज बांधाल. साधं, सरळ लिहा. दुसऱ्याला कॉपी केलीत तरी मी रागावणार नाही. तिसरा ग्राहक दारात आला की मात्र थांबा आणि पेरेंट काढा, कारण आता तुमच्याकडे तुलना करायला तीन खरी उदाहरणं आहेत.

दर सांगतानाही हे उपयोगी पडतं. ग्राहकाने बदल मागितला की बघा: आहे त्या मोकळ्या पायरीत बसतो का? मग काम छोटं, पैसे कमी. पेरेंटमध्ये नवीन पायरी उघडावी लागतेय का? मग आठही दुकानांची परीक्षा आली, त्याचे पैसे लावा. नवीन जोडणीचा तुकडा असेल, जसं पीडीएफ, तर पहिल्याकडून कमी घेतलंत तरी चालेल, कारण तोच तुकडा उरलेल्या सातांना विकता येतो.

आता जे स्वतः कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी. डेव्हलपरला "इनहेरिटन्स वापरलाय का?" असं विचारू नका, तो हो म्हणेल. विचारा: "मागच्या नवीन दुकानासाठी किती जुन्या फाइल्समध्ये हात घालावा लागला?" आणि "एखादा नियम बदलला तर किती ठिकाणी बदलशील?" दुसऱ्याचं उत्तर "एका" असलं पाहिजे. तिसरी गोष्ट कोडची नाही, कागदाची आहे. पगारावरच्या माणसाने नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. कंत्राटावर लिहून घेतलेल्याचा तसा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखी करून घ्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. नाहीतर पेरेंट क्लास तुमच्या धंद्याचा आणि मालकी दुसऱ्याची, असं होऊन बसेल.

पुढच्या व्हिडिओत छपाईचा तुकडा प्रत्यक्ष लिहून दाखवणार आहे: दोन इंची थर्मलवर मराठी अक्षरं का तुटतात, आणि मजकूर चित्र म्हणून पाठवला की ती का तुटत नाहीत. प्रिंटर जवळ असेल तर तयार ठेवा, सोबतच करू.